तलावांच्या रस्त्यांवर ३२ एमएमचे टायर: वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

भंडारा-गोंदियाकडं रोड सायकल घेऊन जायचं मनात असेल तर आधी टायर बदला, बाकीची खरेदी नंतर. हे एवढं ठाम सांगतोय कारण सायकलसोबत आलेले २५ एमएम रुंदीचे टायर पण मी याच रस्त्यांवर चालवलेत आणि आता ३२ एमएमचे पण पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे सगळे मोसम चालवून झालेत, आणि या दोन्हीत फरक नुसता आरामाचा नाही, फरक हा आहे की २५ वर तुम्ही हायवे सोडत नाही आणि ३२ वर हायवेवर जावंसं वाटत नाही. आणि या भागातली खरी सायकलिंग हायवे सोडल्यावरच सुरू होते.

ब्रँडवर मी इथं जास्त बोलत नाही, दुकानात जो चांगला भेटेल तो घ्या, पण माप आणि प्रकार नीट बघा. माझे आहेत ७०० बाय ३२ सी, टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३२-६२२ असं लिहिलेलं असतं तेच. आतून पंक्चर प्रोटेक्शनची पट्टी, वरून जवळपास गुळगुळीत, फक्त कडेला थोडी नक्षी. ट्यूबवाले, ट्यूबलेस नाही. रेसिंगचे हलके टायर नकोत, त्यांची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कागदासारखी राहते आणि इकडच्या गिट्टीवर ती टिकत नाही. थोडे जड घ्या, चालतं.

आता हे रस्ते असे का आहेत ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय टायरचं गणित कळत नाही. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा थोडा भाग धरून सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, गावच्या जमीनदारांच्या ताब्यातले, मामा तलाव म्हणतात सगळे. यातले बरेचसे गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले, ऊस आणि धान पिकवायला. माती आणि दगडाची पाळ घालायची, उताराचं पाणी अडवायचं, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्या खालच्या बोडीत म्हणजे छोट्या तळ्यात, असं पाणी टप्प्याटप्प्यानं उतरत जातं. पुढं १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडं आले, तेव्हापासून गाळ काढायचा कोणी आणि पाळ दुरुस्त करायची कोणी हा प्रश्न गावोगाव पडलेला आहे, कितीतरी तलावांत बेशरमीची झुडपं माजलीत ती सायकलवरून जाताना स्पष्ट दिसतात आणि बघून वाईट वाटतं. पण सायकलवाल्यासाठी या रचनेचा अर्थ असा की गावं जवळजवळ आहेत, दर चार-सहा किलोमीटरवर गाव, गावाला तलाव, तलावाला पाळ, आणि कितीतरी ठिकाणी गावरस्ता त्या पाळीला लागूनच जातो. चढ अंगावर येणारे नाहीत, नुसते लांब आणि हलके, कारण जमीनच तशी आहे, पाणी वाहून जाण्याइतकीच उतरती. नाशिक-पुण्याकडून येणाऱ्याला घाट कुठाय असं वाटेल, तर घाट नाही, इथं लय पकडून तासन्‌तास जाता येतं हीच मजा.

आणि गावरस्ते म्हणजे ग्रामसडक योजनेचे डांबरी, मध्ये गावात सिमेंट काँक्रीट, मध्येच पाचशे मीटर मुरूम, मध्ये पाटाच्या मोरीवर खड्डा, परत डांबर. एकाच किलोमीटरमध्ये चार प्रकारचा रस्ता. २५ एमएमला ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून असल्या रस्त्यावर गेलं की अर्ध्या तासात तळहात बधिर होतात आणि नजर सगळा वेळ पुढच्या चाकाच्या दोन हात पुढं, तलाव डाव्या हाताला आहे की उजव्या हे पण कळत नाही. ३२ ला मी पुढं ५५ आणि मागं ६० ठेवतो, माझं वजन सत्तरच्या थोडं वर आहे आणि हँडलला एक छोटी बॅग. साठ किलोच्या आतले लोक अजून पाच-सात कमी करू शकतात. कमी हवेनं सायकल हळू होते असं खूप लोक म्हणतात, गुळगुळीत रस्त्यावर थोडंफार असेलही, पण खडबडीत डांबरावर उलट होतं, कडक टायर प्रत्येक खड्यावर उडतो आणि तुमची ताकद त्या उडण्यात जाते, मऊ टायर खडा गिळून पुढं जातो. दिवसाच्या शेवटी माझा ॲव्हरेज गावरस्त्यांवर वाढलाय, कमी नाही झाला, आणि पाठ शाबूत राहते हे वेगळं.

ज्या रूटवर हे टायर सगळ्यात जास्त चालले तो साकोलीपासून. नागपूर-भंडारा साठेक किलोमीटर आणि पुढं साकोली चाळीसेक, हा सगळा राष्ट्रीय महामार्ग ५३, ट्रक भरपूर, मी तर म्हणतो हा भाग सायकलवर करूच नका, बसच्या टपावर नाहीतर कोणाच्या गाडीत टाकून साकोली गाठा. साकोलीजवळ शिवनीबांधचा तलाव आहे, पहाटे पाळीवर उभं राहिलं की पाण्याच्या पातळीवर धुकं आणि त्यातून ढिवर समाजाच्या लोकांचे छोटे डोंगे. तिथून पुढं कोहमाऱ्यापर्यंत थोडा हायवे टळत नाही, आणि कोहमाऱ्याहून उजवीकडं नवेगावबांधच्या रस्त्याला वळलं की एकदम आवाज कमी होतो. या रस्त्याला साग, येन, मोह, दोन्ही बाजूनं जंगल, डांबर बऱ्यापैकी चांगलं. इथं २८ एमएम पण चालून जाईल.

नवेगावबांध तलाव म्हणजे या सगळ्या पट्ट्याचं मन. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानतात, सात टेकड्यांच्या मधल्या फटी पाळीनं जोडून टाकल्या आणि अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी उभं राहिलं. यंत्रं नाहीत, सिमेंट नाही, फक्त माती, दगड, माणसं आणि पाणी कुठून येतं कुठं जातं याची पक्की नजर. मला दरवेळी पाळीवर गेल्यावर हाच विचार येतो की ज्यांनी हे उभं केलं त्यांच्या नावाचा एक साधा फलक तरी प्रत्येक गावच्या तलावावर पाहिजे होता. नवेगाव १९७५ ला राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ ला नागझिऱ्यासोबत मिळून व्याघ्र प्रकल्प. म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, गेटच्या आत सायकल न्यायची नाही, आणि बाहेरच्या रस्त्यावर पण सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर चालवायची नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा तर पहाटे अस्वलं फुलं खायला रस्त्याच्या कडेपर्यंत येतात, गावातले लोक स्वतः सांगतात की बाप्पा उजाडल्याशिवाय निघू नका, त्यांचं ऐका.

हिवाळ्यात नवेगावला पाहुणे पक्षी येतात, लालसरी, तलवार बदक, पट्टकदंब, आणि अडईचे थवे तर आपले इथलेच. दुर्बीण हँडलबॅगेत ठेवून न्या. सारस पण याच जिल्ह्यात, महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियाच्या धानबांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, दिसला तर लांबूनच बघायचं, सायकल धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर उतरवायची नाही, पावसाळ्यात त्यांची घरटी बांधीतच असतात. शेतकरी त्यांना सांभाळून घेतात, आपणही तेवढं करायला पाहिजे.

नवेगावहून अर्जुनी मोरगाव आणि तिथून गोठणगावच्या बाजूला इटियाडोह. माझ्या मते अख्ख्या रूटमधला सगळ्यात सुंदर तुकडा अर्जुनी ते इटियाडोह. गाढवी नदीवरचं धरण, जंगलाच्या मधोमध पाणी, चांगला पाऊस झाला की ओव्हरफ्लो बघायला लोक दुचाक्या घेऊन लोटतात, तेव्हा रविवारी नका जाऊ, मंगळवार-बुधवारी जा. गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला तिबेटी वसाहत आहे, सत्तरच्या दशकात वसलेली, प्रार्थनेच्या रंगीत पताका आणि मागं धानाची हिरवी शेतं हे चित्र विदर्भात दुसरीकडं कुठं दिसणार नाही. गरम थुक्पा (तिबेटी नूडल सूप) भेटला तर थांबा, थंडीत साठ किलोमीटरनंतर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, त्या दिवसांत या रस्त्यावर सायकल नको, पायी चालणारे आणि गाड्या एवढ्या असतात की आपण त्यांच्या वाटेत येतो. पुढं केशोरी, मिरचीचं गाव, मोसमात रस्त्याच्या बाजूला लाल मिरची वाळत घातलेली.

याच तुकड्यावर टायरची खरी परीक्षा झाली. रस्त्याचं काम चालू होतं, दोनेक किलोमीटर नुसती मोकळी गिट्टी पसरलेली, रोलर यायचा होता. ३२ वर मी न उतरता पार केलं, हळू, हँडल सैल धरून. पण मागच्या टायरच्या साइडवॉलला एक काप बसला तिथं, खोल नाही, पण आतले धागे दिसतात. आतून जुन्या टायरचा एक तुकडा लावला आणि तसाच चालतोय. हा या टायरचा कमजोर भाग, वरची पट्टी काटे थांबवते, बाजू नाही थांबवत. मी ३५ का नाही घेतले तर माझ्या फ्रेममध्ये बसत नाहीत. घ्यायच्या आधी तुमच्या सायकलमध्ये फोर्क आणि ब्रेकजवळ जागा किती आहे ते मोजा, जुन्या रिम ब्रेकवाल्या रोड सायकलींना बऱ्याचदा २८ च्या पुढं जातच नाही, डिस्क ब्रेकवाल्यांना सहसा अडचण येत नाही.

काट्यांचं सांगायचं राहिलं. पाळींवर बाभूळ हमखास राहते आणि शेताच्या धुऱ्यांना बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, उन्हाळ्यात त्या वाळून रस्त्यावर येतात. पट्टीवाल्या टायरनं पंक्चर खूप कमी झालेत पण बंद नाही झाले, बाभळीचा लांब काटा सरळ उभा शिरला तर कुठलीच पट्टी थांबवू शकत नाही. मी ट्यूबमध्ये सीलंट टाकतो, बारीक छिद्र तो आपोआप बुजवतो. काटा लगेच उपसायचा नाही, आधी टायर फिरवून छिद्र खाली आणायचं, मग काढायचं, म्हणजे सीलंट तिथं जमा होतो.

पंक्चरच्या दुकानांबद्दल हे आधीच माहिती करून घ्या, वाटेत अडकल्यावर उपयोग नाही. गावच्या सायकल दुकानात ट्यूब-टायर भेटतात ते २८ बाय दीडचे, आपल्या काळ्या साध्या सायकलींचे. नावात २८ आहे म्हणून फसू नका, त्याची रिम ६३५ एमएमची आणि आपली ६२२ ची, तो टायर आपल्या रिमवर बसणारच नाही, ढिला पडतो. ट्यूब मात्र रबरच असते, अडीअडचणीला घडी घालून कशीबशी टाकून पुढच्या मोठ्या गावापर्यंत जाता येतं. दुसरं, व्हॉल्व्ह. आपल्या ट्यूबला प्रेस्टा असतो, बारीक, आणि गावच्या पंपाला तो लागत नाही. पितळेचा एक छोटासा ॲडॉप्टर येतो, पन्नास रुपयांच्या आत, तो व्हॉल्व्हवरच कायम लावून ठेवा, मग मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडं पण हवा भरता येते. रिमचं छिद्र मोठं असेल तर सरळ श्रेडर व्हॉल्व्हची ट्यूब घ्या, मोटरसायकलला असतो तोच, झंझटच नाही. मी आता तेच वापरतो. आणि इकडचे पंक्चरवाले माणसं फार चांगली, पाण्याच्या टोपल्यात ट्यूब फिरवत फिरवत का जी भाऊ, कुठून आले, कुठं चालले, एवढ्या पातळ चाकावर कसे काय आले हे सगळं विचारणार, चहा पाजणार आणि पैसे घ्यायला मागंपुढं करणार, तेव्हा पैसे आग्रहानं द्यायचे.

मोसमाप्रमाणं टायर कसा वागतो हे पण सांगतो कारण कोणी सांगत नाही. जुलैमध्ये रोवणी म्हणजे धानाची लावणी चालू असते आणि ट्रॅक्टर लोखंडी केजव्हील (चिखलात चालायची जाळीदार चाकं) लावून बांधीतून बांधीत जातात, त्यांच्यासोबत चिखल डांबरावर येतो, आणि केजव्हीलनं डांबर पण कोरलं जातं. ओला चिखल आणि जवळपास गुळगुळीत टायर हे जमत नाही, वळणावर मागचं चाक सरकतं. ३२ असो की काही असो, तिथं वेग कमीच पाहिजे. आणि फ्रेममध्ये टायरभोवती जागा कमी असली की चिखल अडकून चाक घासायला लागतं, काडीनं काढत बसावं लागतं. मडगार्ड माझ्या सायकलला ३२ सोबत बसत नाहीत, त्यामुळं पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा पक्का. ज्यांना पावसाळ्यात रोज चालवायची त्यांनी २८ आणि मडगार्ड असा विचार करावा, पण फिरायला जाणाऱ्यानं नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे धान कापणी. मळणीनंतर तनीस (धानाचा पेंढा) रस्त्यावर पडलेली राहते आणि कितीतरी ठिकाणी धान पण रस्त्यावर वाळत घातलेले असतात, अर्धा रस्ता धान, कडेला दगड लावलेले. त्यावरून चाक अजिबात न्यायचं नाही, ते कोणाचं वर्षाचं पीक आहे, उतरून बाजूनं जायचं. तनीस मात्र डिरेलरमध्ये, म्हणजे मागच्या गिअर बदलणाऱ्या भागात, गुंडाळली जाते, थांबून काढा नाहीतर तो ज्यावर लटकतो तो हँगर वाकतो. याच दिवसांत भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या भागातली नाटकं, वडसा म्हणजे देसाईगंज तर या नाटक कंपन्यांचं गावच, त्यामुळं संध्याकाळी एरवी रिकामे असणारे गावरस्ते माणसांनी आणि टेम्पोंनी भरलेले असतात. सायकल दुपारी थांबवा, मुक्काम करा आणि नाटक बघा, सकाळ होईपर्यंत चालतं.

डिसेंबर-जानेवारी सगळ्यात उत्तम, यात दुमत नाही. सकाळी थंडी चांगलीच राहते, धुकं असतं, पुढं-मागं दिवे पाहिजेतच. थंडीत टायरची हवा दोन-तीन पीएसआय कमी झालेली दिसेल, सकाळी बघून घ्या. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा दहाच्या आत सायकल सावलीत पाहिजे, उन्हात उभी ठेवली तर हवा फुगते आणि जुना पॅच सुटतो.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी कुठल्याही चौकात तर्री पोहे, आलुबोंडा, सांबारवडी (कोथिंबिरीची). साकोली आणि अर्जुनीला जेवण पोटभर, वरण-भात आणि तलावाची मासोळी, रस्सा झणझणीत. तलावातले शिंगाडे हिवाळ्यात उकडून विकायला असतात, खिशात भरून घ्या, एनर्जी बारपेक्षा कितीतरी बरे, आणि पैसा सरळ त्यांच्या हातात जातो ज्यांनी गळाभर पाण्यात उतरून ते काढलेत.

बाकीचे रूट, म्हणजे रामटेकचा खिंडसी तलाव, तो नागपूरवाल्यांसाठी सोपा आणि रस्ता चांगला, त्यासाठी ३२ ची गरज नाही. पवनीजवळ गोसेखुर्द धरण, पाणी अफाट पण मोकळं, दुपारी समोरचा वारा दमवून टाकतो. तिरोड्याकडचे बोदलकसा आणि चोरखमारा तलाव हे मात्र याच टायरचे रस्ते, जंगल, छोटी गावं, शांतता, नागझिऱ्याचं एक गेट चोरखमाऱ्यालाच आहे, त्यामुळं वेळेचा नियम तिथंही तोच.

किंमत एका टायरची दीड हजारापासून पुढं, चांगल्या पट्टीवाल्याला अडीच-तीन पर्यंत द्यावे लागतात. मला ते पैसे वसूल झाले असं वाटतं, पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो साइडवॉलसाठी. मागचा टायर मधोमध चपटा व्हायला लागलाय, नवीन टायर पुढं आणि पुढचा मागं असं करणार, कारण पुढचं चाक फुटलं तर माणूस पडतो, मागचं फुटलं तर नुसतं थांबावं लागतं. परत येताना अर्जुनी किंवा वडसा स्टेशनवरून गोंदिया-बल्लारशा लाइनची गाडी भेटते, गोंदियाला उतरून नागपूरची. चाकं काढून पिशवीत बांधली की सायकल बरीच आटोपशीर होते, ३२ च्या टायरमधली थोडी हवा आधी सोडा म्हणजे चाक ब्रेकमधून सहज निघतं.